बिळाच्या तोंडाशी

कोकणात गेलेल्या माणसाने काय काय पाहून यावे, याची एक यादी आपल्या मनात कायमची ठरलेली असते. समुद्र, नारळी-पोफळीच्या बागा, एखादा जलदुर्ग, एखादे जागृत देवस्थान, आणि परतताना आंब्याची पेटी. या यादीत बीळ कोठेही बसत नाही. तरीही गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावात आठ दिवस राहिलो, त्या आठ दिवसांत एकदाही समुद्राचे दर्शन घेतले नाही, आणि बिळे मात्र पुष्कळ पाहिली.

गावाचे नाव सांगणार नाही. स्थलवर्णन लिहायला बसायचे आणि स्थळच दडवायचे, हे पाहुण्याला पाटावर बसवून पान न वाढण्यासारखे आहे, हे मला कळते. पण त्याला कारण आहे आणि ते पुढे येईलच. एवढेच सांगतो की चिपळूणला उतरायचे, समुद्राकडे पाठ करायची आणि सह्याद्रीच्या भिंतीकडे तोंड करून धावणाऱ्या एस.टी.त बसायचे. तास-दीड तासाने रस्ता संपतो आणि पाखाडी सुरू होते. जांभ्या दगडाच्या झिजलेल्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना गडगे, गडग्यापलीकडे काजू आणि आंब्याची कलमे. वाडी मागे पडली की आईन, किंजळ, कुंभा यांचे विरळ रान लागते, आणि त्याच्याही वर उघडा सडा. मे महिन्यात हा सडा तव्यासारखा तापतो. पायाखाली जांभा, अंगावर घाम आणि जाळीत करवंदे, असा तो मुलूख आहे.

या रानात एक प्राणी राहतो, ज्याला मराठीने नाव देताना बहुधा घाई केली असावी. खवले मांजर! खवले माशाची आणि आडनाव मांजराचे. प्रत्यक्षात हा ना मासा, ना मांजर. ज्याला दातच नाहीत, मुंग्या आणि वाळवी हेच ज्याचे अन्न आहे, त्याला मांजर कोणी म्हटले असेल? इंग्रजीतला पॅंगोलिन हा शब्द त्या मानाने समंजस आहे. तो मलय भाषेतून आलेला, आणि त्याचा मूळ अर्थ 'गुंडाळून घेणारा' असा. धोका दिसला की हा प्राणी शेपूट पोटाशी घेऊन स्वतःचा चेंडू करतो. पोटाची मऊ बाजू आत आणि खवल्यांची ढाल बाहेर. रानातल्या शत्रूपुढे हा बचाव पुष्कळदा पुरतो. माणसापुढे मात्र हीच युक्ती घात करते. कारण गुंडाळी झालेला प्राणी पळत नाही, चावत नाही, नुसता उचलून पोत्यात घालायचा. वास्तविक हे खवले आपल्या नखांच्याच द्रव्याचे असतात. त्यांत औषधी गुण आहेत या समजुतीपायी त्यांची परदेशात तस्करी होते. 2016 साली सर्व जातींच्या खवले मांजरांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचा निर्णय झाला. 2020 साली चीनने आपल्या औषधकोशातल्या यादीतून खवले वगळले. तरी धंदा थांबलेला नाही. 2009 ते 2017 या काळात भारतात जवळजवळ सहा हजार खवले मांजरे या व्यापाराला बळी पडली, असा 'ट्रॅफिक' या संस्थेचा अंदाज आहे, आणि तोही उघडकीस आलेल्या प्रकरणांवरून बांधलेला.

आता प्रश्न असा की आपल्याजवळ मुळात ही किती आहेत? जे गेले त्यांचा अंदाज आहे. जे उरले त्यांचा हिशेब कोणापाशी? नेमक्या याच प्रश्नाच्या मागे माझा एक माजी विद्यार्थी लागला आहे. बारावीपर्यंत तो माझ्या वर्गात मराठी शिकला, पुढे प्राणिशास्त्राकडे वळला, आणि आता या गावात मुक्काम ठोकून बिळांसमोर कॅमेरे बांधीत असतो. मला त्याने बोलावले ते वेगळ्याच कामासाठी. गावकऱ्यांना विचारायची त्याची प्रश्नावली कोणा कचेरीतल्या मराठीत लिहिलेली होती. 'सदर वन्यजीवाचे आपल्या परिसरातील अस्तित्व आपल्या निदर्शनास आले आहे काय?' असे विचारले की समोरचा म्हातारा टोपी काढून डोके खाजवी आणि गप्प बसे. "सर, हे माणसांच्या मराठीत करून द्या," असे त्याने कळवले. ते काम दोन दिवसांत उरकले. 'खवल्या कधी बघितलात का हो?' एवढेच विचारायचे होते.

उरलेले दिवस मी त्याच्यामागे रानात हिंडलो. आम्हांला वाट दाखवायला वाडीतले तात्या असत. वय सत्तरीच्या घरात, कमरेला कोयता, आणि बोलणे मोजके. बीळ वाचायचे कसे, याचे पहिले पाठ मी त्यांच्याकडूनच घेतले. खवल्याचे बीळ गोलसर असते, तोंडातून कळशी सहज आत जावी एवढे. तोंडाशी ताज्या मातीचा ढीग, त्यावर नखांचे ओरखडे, आणि कधी कधी शेपूट फरपटत गेल्याची पुसट रेघ. तोंडावर कोळ्याचे जाळे असेल तर पुढे चालू लागावे; आत सध्या कोणी जात-येत नाही. काटे आणि लेंड्या पडल्या असतील तर घर साळिंदराने बळकावले आहे. काही बिळे हातभर खोल जाऊन संपतात; ती राहण्याची नव्हेतच, मुंग्या-वाळवीसाठी उकरलेली असतात. राहायचे बीळ खोल असते, आणि मालक आत गेला की आतून मातीचा बोळा लावून दार बंद करतो. म्हणजे ज्या बिळात तो खरोखर आहे, ते बाहेरून बुजल्यासारखे दिसण्याचा संभव!

"मग ह्या वरच्या अंगाला वीस बिळे आहेत, तर खवले किती धरायचे?" मी विचारले.

तात्या हसले. "मास्तर, बीळ म्हनजे उंबरठा नव्हं. ह्यो आज हितं, उद्या पऱ्यापलीकडं. येकाच जनावराची धा घरा असतात. आनि येका घरात धा जना रातचे बदलून बदलून."

खाणाखुणा मोजणे आणि प्राणी मोजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या देशाने फार मोठी किंमत देऊन शिकले आहे. वाघांची गणती वर्षानुवर्षे पंजाच्या ठशांवरून होत असे. कागदावर वाघ दिसत राहिले, आणि 2005 च्या सुमारास राजस्थानातल्या सरिस्का अभयारण्यात एकही वाघ उरलेला नाही असे उघड झाले. त्यानंतर ठशांची पद्धत मागे पडली आणि कॅमेरे पुढे आले. कॅमेऱ्याची कल्पना मात्र त्याहून पुष्कळ जुनी. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन नावाच्या वनाधिकाऱ्याने संयुक्त प्रांताच्या जंगलात 1920 च्या दशकात वाटेवर तार ताणून ठेवली. वाघाचा पाय तारेला लागला की झगझगाट होऊन त्याचे त्यानेच छायाचित्र काढून घ्यायचे. त्याचे पुस्तक 1927 साली प्रसिद्ध झाले. पुढे 1990 च्या दशकात कर्नाटकातल्या नागरहोळेत उल्हास कारंथ यांनी या चित्रांतून गणित उभे केले. वाघाचे पट्टे माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे; दोन वाघांचे सारखे नसतात. तेव्हा कोणता वाघ पुन्हा दिसला आणि कोणता नवा, यावरून न दिसलेल्यांचाही अंदाज बांधता येतो. 2018 च्या व्याघ्रगणनेत 26,838 ठिकाणी कॅमेरे लावले गेले आणि 3 कोटी 48 लाखांहून अधिक चित्रे निघाली. त्यांत वाघांची होती 76,651.

खवले मांजराला पट्टे नाहीत. ठिपके नाहीत. एक खवल्या दुसऱ्यासारखाच दिसतो. शिवाय तो रात्री हिंडतो, एकटा राहतो आणि हाका मारीत नाही. मोजणाऱ्याची इतकी पंचाईत करणारा प्राणी देवाने मुद्दाम घडवला असावा.

माझ्या विद्यार्थ्याचा कॅमेरा जेवणाच्या डब्याएवढा आहे. रंग झाडाच्या सालीचा. तो बिळापासून थोड्या अंतरावर गुडघ्याच्या उंचीवर पट्ट्याने बांधतात. पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड करायचे नाही, नाहीतर उगवता-मावळता सूर्यच चित्रात येऊन बसतो. समोरचे गवत कापायचे. कारण कॅमेऱ्याच्या डोळ्याला वस्तू दिसत नाही, त्याला फक्त आजूबाजूच्या उष्णतेत झालेली हालचाल कळते. तापलेले गवत वाऱ्याने डोलले तरी त्याला वाटते कोणी आले. दिवसभर गवताची शेकडो चित्रे काढून तो बॅटरी संपवतो आणि रात्री पाहुणा येतो तेव्हा स्वतः झोपलेला असतो. काही वर्गांत मला हा अनुभव नेहमी येतो. रात्रीचा त्याचा प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणून चित्रे काळी-पांढरी निघतात. आणि एक गंमत: मुंग्या खाणाऱ्या प्राण्याची वाट पाहणाऱ्या या डब्यात मुंग्याच घर करतात. दर दहा दिवसांनी तो उघडून झाडावा लागतो.

संध्याकाळी आम्ही तात्यांच्या पडवीत बसून कार्डे पाहत असू. संगणकाच्या पडद्यावर बिळाचे तेच तोंड, तीच माती, कोपऱ्यात तारीख आणि वेळ. गवत, गवत, गवत. मग एकदम साळिंदर, काटे फुलवून नवरदेवासारखा मिरवत जाणारा. एका रात्री उदमांजर येऊन बिळात डोकावून गेले. दुपारी घोरपड त्याच बिळात शिरली आणि ती बाहेर येताना दिसलीच नाही. एकदा बिबट्याने कॅमेऱ्याला नाक लावले. पडद्यावर नुसत्या मिशा. हे सर्व एकाच बिळासमोर! आम्ही माणसे त्याला 'खवल्याचे बीळ' म्हणून नकाशावर खूण करून मोकळे झालो होतो, आणि तिथे मुंबईच्या चाळीतल्या खोलीप्रमाणे पोटभाडेकरूंची रांग लागली होती.

खवल्या आला तो तिसऱ्या दिवशीच्या कार्डात. रात्रीचे 1 वाजून काही मिनिटे. पुढचे पंजे आत मुडपून, पाठीची कमान करून तो असा चालत आला, की पाठीमागे हात बांधून विचारात बुडालेले एखादे जुने हेडमास्तर शाळेच्या व्हरांड्यातून जात आहेत. थांबला. हवेत नाक फिरवले. वीस सेकंदांची ती चित्रफीत आम्ही कितीदा पाहिली याची गणती नाही. तात्यांची नातवंडे, सुना, शेजारी, सगळे जमले. जन्मभर त्या रानात लाकूडफाटा आणलेल्या एका म्हातारीने तो प्राणी पहिल्यांदा पाहिला तो असा, स्वतःच्या पडवीत बसून.

पण बाकीच्या रिकाम्या बिळांचे काय लिहायचे? इथे माझ्या विद्यार्थ्याने मला जे समजावले ते मला फार आवडले. पोस्टमनने तीनदा दार ठोठावले आणि कोणी उघडले नाही, तर घर ओसाड आहे असे तो लिहीत नाही. 'घरी नाहीत' असे लिहितो. कॅमेऱ्यात आला नाही म्हणजे नाही, असे धरायचे नाही. जिथे खवले मांजर आहे असे पक्के ठाऊक झाले, तिथेसुद्धा ते किती रात्रींतून एकदा दिसले, हे आधी पाहायचे. त्यावरून 'असूनही न दिसण्याचे' प्रमाण काढायचे आणि मग रिकाम्या बिळांचा हिशेब करायचा. रानाचे चौकोन पाडायचे, आणि 'किती खवले' असे न विचारता 'किती चौकोनांत आहेत' एवढेच विचारायचे. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. चौकोन कमी होत आहेत की टिकून आहेत, हे कळले तरी पुष्कळ झाले.

बोअरवेलमध्ये सोडतात तसला नळीचा कॅमेरा बिळात का घालत नाही, असे मी विचारले. जगात काही ठिकाणी, विशेषतः बिळात अंडी घालणाऱ्या समुद्रपक्ष्यांसाठी, तसे करतात. तो म्हणाला, "सर, नळी वळणावर अडते, मातीचा बोळा आला की आंधळी होते. आणि आत पिल्लाला घेऊन आई बसली असेल तर? आपल्याला आकडा मिळेल, ती घर सोडून जाईल." खवल्याला बहुधा एका वेळी एकच पिल्लू होते, आणि आई त्याला शेपटीच्या बुडाशी पाठीवर घेऊन हिंडते. यावर मी अधिक वाद घातला नाही.

सहाव्या दिवशीच्या कार्डात माणसाचे पाय आले.

रात्रीचे सव्वादोन. आधी पांढरा झोत, बॅटरीचा असावा. मग दोन माणसांचे गुडघ्याखालचे पाय. एकाच्या पायात रबरी चपला, दुसऱ्याच्या पायात पावसाळी बूट. मग कुदळीचे पाते. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर, म्हणून चेहरे नाहीत. आम्ही सकाळीच ते बीळ पाहून आलो होतो. ते पार उकरून काढले होते, माणूस आत वाकून बसेल एवढे. पडवीत त्या संध्याकाळी कोणी बोलेना. माझ्या विद्यार्थ्याने चित्र मोठे करून चपलेवर आणले. चपलेचा तुटलेला अंगठा सुतळीने बांधलेला होता. तात्यांनी पुढे वाकून पाहिले, आणि मला वाटते जरा जास्तच लवकर म्हणाले, "वळकीचे नायत." त्याने पुन्हा विचारले नाही. मीही नाही. लहान गावात सुतळी बांधलेली चपल कोणाची, हे कोणाला ठाऊक नसते?

बीळ रिकामेच निघाले असावे, कारण मधल्या सगळ्या रात्रींत त्या तोंडाशी खवल्या फिरकलेलाच नव्हता. कुदळवाल्यांनी बीळ म्हणजे जनावर असा हिशेब केला होता. मोजणाऱ्याला ज्या दहा घरांनी दमवले, त्यांनीच मारेकऱ्यालाही चकवले. त्याच रात्री, वीस मिनिटे आधी, पऱ्यापलीकडच्या कॅमेऱ्यात एक खवले मांजर शांतपणे वारूळ फोडताना दिसले. "तेच हे!" मी आनंदाने म्हणालो. विद्यार्थ्याने मान हलवली. "एक खवले मांजर, सर. तेच, असे म्हणता येत नाही." शब्द तोलून वापरावा हे मी त्याला दोन वर्षे शिकवले होते, ते इतक्या काटेकोरपणे परत मिळेल असे वाटले नव्हते.

कार्डाची एक प्रत त्याने दुसऱ्याच दिवशी वनखात्याकडे दिली. खवले मांजर कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. शिकारीला किमान तीन वर्षे कैद. त्यापेक्षा मला महत्त्वाचे वाटले ते रात्री देवळात घडले. गावकी बसली. कोणी कोणाचे नाव घेतले नाही. बिळांचा विषय निघाला, परगावचे कोणी 'खवल्या आहे का' विचारीत आले तर काय सांगायचे हे ठरले, आणि रात्री कुदळ घेऊन रानात जाणाऱ्याला देवाच्या पालखीला खांदा देता येणार नाही, असे एका मानकऱ्याने सहज बोलावे तसे सांगितले. सभेच्या कडेला बसलेल्यांपैकी कोणाच्या पायात काय होते, हे मी पाहिले नाही; देवळात सगळेच अनवाणी होते.

इथे हे सारे गावाच्या हातात आहे, याला कारण आहे. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी राखीव जंगल फारच थोडे; रान आहे ते बहुतेक लोकांच्या सातबाऱ्यावरचे. मालकाने मनात आणले तर लाकूडतोड्याला विकावे, काजू लावावा, किंवा वणव्यात जाऊ द्यावे. कॅमेरा बांधायलाही त्याचीच परवानगी लागते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने हे फार आधी ओळखले. वेळासला कासवांचा उत्सव उभा करणारे भाऊ काटदरे यांची ही संस्था; खवले मांजरासाठीही ती गावोगाव फिरली. 2020 च्या फेब्रुवारीत, जागतिक खवले मांजर दिनी, जिल्ह्यातल्या डुगवे गावी 'खवलोत्सव' झाला. ग्रामदेवतेच्या पालखीच्या सोहळ्यात खवले मांजराच्या प्रतिकृतीला मान मिळाला. शहरी माणसाला यात नवल वाटेल. मला वाटले नाही. देवराईतले झाड देवाचे म्हणून राखणाऱ्या लोकांना प्राणी देवाचा मानायला कितीसा वेळ लागणार?

आता गावाचे नाव का सांगितले नाही, ते वाचकांच्या ध्यानात आले असेल. माझ्या विद्यार्थ्याच्या वहीत प्रत्येक बिळाचे अक्षांश-रेखांश आहेत. ती वही तो उशाशी घेऊन झोपतो. ज्या कागदावर संशोधनाचा सारा भार, तोच चुकीच्या हाती पडला तर कुदळवाल्यांना आयता नकाशा. प्रबंध छापताना हे आकडे गाळायचे असे त्याने ठरवून टाकले आहे.

मी निघालो त्या दिवशी वळीव येऊन गेला होता. पावसाळ्यापूर्वी कॅमेरे उतरवण्याचे काम सुरू झाले होते. पडवीत ते ओळीने मांडून तो एकेक उघडत होता, मुंग्या झाडत होता, बॅटऱ्या काढून डब्यात भरत होता. तात्या शेजारी बसून पाहत होते. सगळे आवरल्यावर त्यांनी एकच मागणी केली. साळिंदराच्या चित्राची एक मोठी प्रत पाहिजे.

"खवल्याची देतो की तात्या," माझा विद्यार्थी म्हणाला.

"त्याची नको. त्यानं माजं काय खाल्लान? ह्या साळिंद्रानं सुरन न् कनगी समदी उकरलान. त्येचा फोटू भिंतीवर लावतो. पोरांना म्हनतो, चोर बगून ठेवा."

प्रत अजून पाठवायची आहे. दिवाळीपर्यंत पोहोचेल.